मानेच्या मणक्यांची झीज, मज्जारज्जू आणि घराण्याचा वारसा

(शिंदखेडा येथील व्याख्यानाचा मजकूर)



साठीच्या घरातील एखादे गृहस्थ दुकानाच्या गादीवर नोटा मोजत असतात आणि दोन नोटा एकदम निसटतात. सदऱ्याची गुंडी लावण्यास पूर्वी क्षणही लागत नसे. आता नातवाला हाक मारावी लागते. अक्षर बिघडते. जपमाळेचा मणी बोटाखालून नेमका सरकत नाही. सामायिक आटोपून उठताना भिंतीचा आधार शोधला जातो आणि अंधारात पाऊल कोठे पडेल याचा भरवसा वाटत नाही. मान मात्र फारशी दुखत नाही. त्यामुळे घरात निदान होते ते एकाच शब्दात : वय झाले. शेजारी म्हणतात, वात आहे. कोणी सांगते, मणक्यात गॅप पडली. मग गळ्यात पट्टा येतो. अशा वेळी घरातील एखादी वृद्धा सहज बोलून जाते, "याच्या वडिलांचेही शेवटी असेच झाले होते. हातातून भांडे पडायचे." या वाक्याकडे कोणी लक्ष देत नाही. वस्तुतः डॉक्टरांना सांगण्यासारखे सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच असते.

मेंदूपासून कमरेपर्यंत जाणारा मज्जारज्जू मानेच्या सात मणक्यांमधील हाडांच्या नळीतून खाली उतरतो. मानेच्या मध्यभागी या नळीची पुढून मागे मोजलेली रुंदी निरोगी माणसात साधारणतः १७ ते १८ मिलिमीटर असते. ती १३ च्या खाली गेली की वैद्यक तिला अरुंद म्हणते. वयाबरोबर मणक्यांमधील चकत्या सुकतात, चपट्या होतात आणि मागे सरकतात. मणक्यांच्या कडांना हाडाचे काटे फुटतात, अस्थिबंध जाड होतात. एवढे तर पन्नाशीनंतर बहुतेकांच्या मानेत घडतेच. त्याला स्पाँडिलोसिस म्हणतात व तो बहुधा निरुपद्रवी असतो. परंतु नळी मुळातच अरुंद असेल, अथवा मणक्यांच्या मागील बाजूने जाणारा लांब अस्थिबंध हाडासारखा घट्ट होऊ लागला असेल, तर मज्जारज्जूच दाबला जातो. हातपायांना जाणारे संदेश त्या अरुंद जागी अडतात. हा विकार निराळा, आणि मानदुखीहून पुष्कळ गंभीर.

इंग्लंडमधील रसेल ब्रेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली या विकाराचे सविस्तर वर्णन केले. पुढे त्याच्या निरनिराळ्या प्रकारांना निरनिराळी नावे पडत गेली. २०१५ साली त्या सर्वांना एकत्र आणणारे 'डीजनरेटिव्ह सर्व्हायकल मायलोपथी' हे नाव सुचविण्यात आले व ते रूढ झाले. मराठीत त्यास झिजेमुळे होणारा मानेतील मज्जारज्जूविकार म्हणता येईल. नाव लांबलचक आहे खरे, पण 'मणक्यात गॅप' या शब्दांनी जे झाकले जाते ते या नावात उघड होते : बिघाड हाडात सुरू होतो, नुकसान मज्जारज्जूचे होते.

नुकसानाची गती फसवी असते. क्लार्क व रॉबिन्सन यांनी १९५६ मध्ये नोंदविल्याप्रमाणे बहुतेक रुग्ण सरळ उतारावरून घसरत नाहीत, ते पायऱ्या उतरतात. काही महिने सारे स्थिर राहते, घरच्यांना हायसे वाटते, आणि मग अचानक पुढची पायरी येते. गेलेली शक्ती पूर्णपणे परत येईलच असे नसते. निदानास होणारा विलंब मात्र जगभर सारखाच आहे. इस्रायलमधील एका अभ्यासात (२०१३) पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत सरासरी दोन वर्षांहून अधिक काळ गेल्याचे आढळले, आणि अनेकांच्या हाताच्या मुंग्यांचे खापर मनगटातील दबलेल्या नसेवर फोडले गेले होते. सुसज्ज रुग्णालये हाताशी असणाऱ्या देशात ही स्थिती; मग शिंदखेडा, दोंडाईचा वा नरडाण्याहून तपासणीसाठी धुळे, नाशिक किंवा सुरत गाठणाऱ्या कुटुंबाचे दोन वर्षांत काय होत असेल, याचा अंदाज करणे कठीण नाही. घरातील पूर्वीच्या पिढीची माहिती हा विलंब कमी करू शकते. म्हणूनच आनुवंशिकतेचा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा नाही.

हा विकार घराण्यात चालतो काय, या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर अमेरिकेतील युटा राज्यातून आले आहे. तेथील मॉर्मन पंथीय मंडळी धर्मकर्तव्य म्हणून आपल्या वंशावळी जपतात. १९७० च्या दशकापासून तेथील विद्यापीठाने या वंशावळींना रुग्णालयांच्या नोंदींची जोड दिली. राजस्थानातून खानदेशात येऊन स्थिरावलेल्या ज्या कुटुंबांच्या पिढ्यान् पिढ्यांची नावे भाटांच्या वह्यांत सुरक्षित आहेत, त्यांना या खटाटोपाचे मोल वेगळे सांगावयास नको. २०१२ साली या संग्रहातून मानेतील मज्जारज्जूविकाराचे ४८६ रुग्ण शोधून त्यांच्या नातलगांची पाहणी प्रसिद्ध झाली. रुग्णाचे आईवडील, सख्खी भावंडे व मुले यांना हा विकार होण्याचे प्रमाण इतरांच्या पाचपटींहून अधिक आढळले. चुलत, मामे, आते, मावस भावंडांच्या पातळीवरील नातलगांतही ते जवळजवळ दुप्पट होते.

यातील दुसरा आकडा लहान दिसतो, पण विचार करण्याजोगा तोच आहे. सख्खी भावंडे एका छपराखाली वाढतात. त्यांचे पाणी, अन्न, सवयी समान असतात. तेव्हा पाचपटीचा आकडा निव्वळ रक्ताचा म्हणता येत नाही. युटातील चुलत-मावस भावंडे मात्र बहुधा वेगळ्या घरांत वाढतात. त्यांच्यातही प्रमाण वाढलेले दिसावे, हा वारशाच्या बाजूने मिळालेला सबळ पुरावा ठरतो. हाच अभ्यास खानदेशातील एकत्र कुटुंबांत झाला असता, तर हा युक्तिवाद इतक्या सहजतेने करता आला नसता. येथे चार चुलतभाऊ एकाच चुलीवर जेवतात आणि एकाच पेढीवर बसतात.

जुळ्यांचा अभ्यास हा या गुंत्यातून निघण्याचा दुसरा मार्ग. एकबीज जुळ्यांची जनुके सारखीच असतात, द्विबीज जुळ्यांची इतर भावंडांइतकीच मिळतीजुळती. सॅमब्रुक, मॅकग्रेगर व स्पेक्टर यांनी १९९९ मध्ये अशा जुळ्यांच्या मणक्यांचे एम.आर.आय. ताडून पाहिले. मानेतील चकत्यांच्या झिजेत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातील ७३ टक्के वाटा जनुकीय असल्याचा त्यांचा हिशेब निघाला. याचा अर्थ एखाद्या गृहस्थाच्या आजारात शंभरातील ७३ भाग वडिलांचे व २७ त्यांचे स्वतःचे, असा मुळीच नाही. तो आकडा समूहातील फरकांचा आहे, एका माणसाचा नव्हे. आणि चकत्यांचा आहे, मज्जारज्जूचा नव्हे. वर्तमानपत्रांत असे आकडे ज्या थाटात छापले जातात, तो पाहता ही सूचना अस्थानी ठरू नये.

प्रत्यक्ष जनुकांचा माग जपानने सर्वांत चिकाटीने काढला. मणक्यांमागील लांब अस्थिबंध हाडासारखा होण्याचा प्रकार तेथे विशेष आढळतो; प्रौढांपैकी सुमारे दोन ते चार टक्क्यांत तो दिसतो, युरोपीय लोकांत त्याहून बराच कमी. १९८९ मध्ये तेरायामा यांनी ३४७ कुटुंबांतील १,०३० जवळच्या नातलगांची तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांपैकी सुमारे २३ टक्क्यांत हा बदल सापडला. त्यातून शोध सुरू झाला. प्रथम संशय गेला तो कोलॅजेन या प्रथिनावर. चकत्या व अस्थिबंध ज्या धाग्यांनी विणलेले असतात ते धागे या प्रथिनाचे. २००३ साली बाधित भावंडांच्या जोड्यांच्या अभ्यासातून २१ व्या गुणसूत्रावरील सहाव्या प्रकारच्या कोलॅजेनचे जनुक पुढे आले. त्यानंतर एकेका जनुकामागे धावण्याऐवजी संपूर्ण जनुकसंच चाळण्याची पद्धत आली. २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी या विकाराशी संबंधित सहा जागा दाखविल्या, २०२३ मध्ये त्यांची संख्या चौदा झाली. त्यांपैकी एका जागी असलेले आर-स्पाँडिन-२ नावाचे जनुक पेशींना अकाली हाडाच्या मार्गाला लागू देत नाही, जणू लगामच घालते. धोक्याचा पाठभेद ज्यांच्याकडे असतो त्यांचा हा लगाम थोडा सैल असतो.

थोडा, हा शब्द महत्त्वाचा. चौदा जागांपैकी एकही एकटी विकार घडवीत नाही. सिकलसेलसारख्या आजारात एका जनुकातील एक दोष पुरेसा असतो व रक्ताच्या एका चाचणीत तो कळतो. येथे तसे काही नाही. अनेक पाठभेदांचा लहानसा भार, त्यात नळीची जन्मजात रुंदी, आणि त्यावर आयुष्यभराची झीज. 'मणक्यांची जेनेटिक टेस्ट' म्हणून कोणी महागडी तपासणी गळ्यात मारू पाहील, तर मानेतील या विकाराचे भाकीत करणारी मान्यताप्राप्त जनुकीय चाचणी आज उपलब्ध नाही, एवढे लक्षात असू द्यावे. शस्त्रक्रियेनंतर कोण किती सावरतो, यातही अपोलिपोप्रोटीन-ई या जनुकाच्या चौथ्या प्रकाराचा हात असल्याचे काही छोट्या अभ्यासांत दिसले. हे जनुक विस्मृतीच्या आजारासंदर्भात अनेकांनी ऐकले असेल. रुग्णाने त्यावरून स्वतःचा निर्णय बदलावा इतका हा पुरावा पक्का नाही.

घराणे केवळ जनुके देत नाही. ते विहीरही देते. पाण्यातील फ्लोराइड मर्यादेबाहेर गेले की हाडे व अस्थिबंध कठीण, जाड होतात आणि मज्जारज्जू दाबला जाऊ शकतो. १९३७ मध्ये मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून हाडांच्या फ्लोरोसिसचे वर्णन झाले. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड, बीड या जिल्ह्यांतील काही गावांचे पाणी या दृष्टीने कुप्रसिद्ध आहे. अशा गावात बाप, मुलगा व काका तिघेही वाकून चालू लागले, तर तो वंशाचा दोष म्हणून स्वीकारला जातो. वास्तविक दोष असतो कूपनलिकेचा. पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड नसावे ही मर्यादा आहे. पाण्याची तपासणी जनुकांच्या तपासणीहून कितीतरी स्वस्त पडते.

घराणे स्वयंपाकघरही देते, आणि हा भाग या सभागृहाला अधिक जवळचा आहे. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून जवळजवळ मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक यांतूनच काय ते मिळते. त्याची दीर्घकाळ कमतरता राहिली की मज्जारज्जूच्या मागील व बाजूच्या तंतूंचे आवरण नष्ट होऊ लागते. लक्षणे पाहावीत तर तीच : पायांत बधिरता, अंधारात तोल जाणे, बोटांची अकुशलता. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे शहर, तेथील झोपडपट्टी व ग्रामीण भागातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी २००६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांपैकी ६७ टक्के पुरुषांत बी-१२ ची पातळी कमी होती. शाकाहारी पुरुषांत ही शक्यता इतरांच्या ४.४ पट होती. आहाराचे व्रत सोडण्याचा येथे प्रश्नच नाही. गोळी वा इंजेक्शनाने ही उणीव भरून निघते, आणि ते जीवनसत्त्व कारखान्यात जिवाणूंकडून तयार करून घेतलेले असते. प्रश्न आहे तो निदानाचा. वडील व मुलगा दोघांचे पाय बधिर झाले, तर कारण रक्तात वाहत आलेले जनुक असेल, किंवा दोघांच्या ताटात नसलेले एक जीवनसत्त्व असेल, किंवा एकाच माणसात दोन्ही असतील. बी-१२ कमी निघाले म्हणून मानेकडे दुर्लक्ष करू नये. मानेत दाब दिसला म्हणून रक्त तपासण्याचे टाळू नये.

व्यवसायाचेही तेच. डोक्यावर ओझी वाहणाऱ्यांच्या मानेची झीज लवकर होते, असे आफ्रिकेतील व दक्षिण आशियातील पाहण्यांत दिसले आहे. बाजार समितीतील हमालाचा मुलगा हमाल होतो आणि बापाचे दुखणे मुलाकडे येते. त्यात जनुकांचा संबंध असेलच असे नाही. गादीवर बसणाऱ्या व्यापाऱ्याच्या वाट्याला ओझे येत नाही, वजन येते. वर उल्लेखिलेल्या २०२३ च्या जपानी अभ्यासाने लठ्ठपणा हा अस्थिबंधाचे हाड होण्यामागे कारणरूप असल्याचा निर्वाळा दिला. जनुके बदलता येत नाहीत, वजन येते.

मग ज्या घरात हा विकार होऊन गेला आहे, त्या घरातील भावंडांनी व मुलांनी करावे काय? सरसकट सर्वांनी एम.आर.आय. काढून घ्यावा, असे कोणताही जाणकार सांगणार नाही. लक्षणे नसलेल्या पुष्कळ माणसांच्या चित्रात थोडाफार दाब दिसतो व त्यांना आयुष्यभर काही होत नाही. अशा माणसावर निव्वळ चित्र पाहून शस्त्रक्रिया करू नये, असेच २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना म्हणतात. त्यास माहिती द्यावी व त्यावर लक्ष ठेवावे. घरच्या घरी पाहता येण्याजोग्या दोन गोष्टी आहेत. हाताची मूठ दहा सेकंदांत पूर्ण उघडून पूर्ण मिटावयाची. निरोगी माणूस हे वीस किंवा अधिक वेळा करू शकतो. दुसरी, एका पावलाच्या टाचेस दुसऱ्याचा अंगठा लावून सरळ रेषेत दहा पावले चालावयाचे. (वृद्धांच्या शेजारी कोणी उभे असावे.) मूठ अडखळू लागली, रेषा मोडू लागली, मान वाकविताच पाठीतून वीज गेल्यासारखे वाटू लागले, लघवीची घाई होऊ लागली, तर मेंदू-मज्जासंस्थेच्या किंवा मणक्यांच्या डॉक्टरांना दाखविण्यास विलंब करू नये, आणि तेथे वडिलांचे अथवा भावाचे दुखणे न विचारता सांगावे. केशकर्तनालयात दाढीनंतर मान 'कडकन' मोडून घेण्याची हौस अशा घराण्यातील माणसाने तरी सोडावी. अरुंद नळीतील मज्जारज्जूला न्हाणीघरातील साधा तोल जाणेही पुरते : हनुवटी आपटून मान मागे जाते, हाड मोडत नाही, पण दोन्ही हात लुळे पडतात.

विकार मध्यम वा तीव्र असेल तर शस्त्रक्रियेची शिफारस होते. सौम्य असेल तर शस्त्रक्रिया किंवा देखरेखीखालील व्यायाम, असा पर्याय असतो. पुढच्या बाजूने चकती काढणे ही एक रीत. मागच्या बाजूने नळीचे छप्पर दारासारखे उघडून जागा वाढविणे ही दुसरी. ती जपानच्या हिराबायाशी यांनी १९७७ च्या सुमारास सुरू केली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात दीर्घकाळ कार्य केलेले डॉ. अतुल गोयल यांचे मत याहून वेगळे आहे. दाबापेक्षा मणक्यांची अस्थिरता हेच मूळ असून ते सांधे स्थिर करणे हा खरा उपाय, असे ते मांडतात. शल्यविशारदांत मतभेद आहेत. पण मज्जारज्जूचे नुकसान वाढण्यापूर्वी निर्णय व्हावा, याविषयी दुमत नाही.

शेवटी एका नाजूक गोष्टीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. विवाहाच्या परिचयपत्रांची देवघेव जेथे होते, तेथे 'आनुवंशिक' हा शब्द उच्चारताच घरे गप्प होतात. मुलीच्या आजोबांचे हात लुळे पडले होते ही गोष्ट मग तिच्या सख्ख्या भावालाही कळत नाही, आणि पन्नाशीत त्याची मूठ अडखळू लागते तेव्हा डॉक्टरांच्या प्रश्नाला तो निःशंकपणे उत्तर देतो, "घरात कोणाला नाही." या मौनाला वैद्यकीय आधार काहीच नाही. उतारवयात होणारा, अनेक जनुकांच्या अल्पशा प्रभावाचा हा विकार सोयरीक मोडण्याचे कारण होऊ शकत नाही. पलीकडच्या घराण्यातही कोणता ना कोणता पाठभेद असतोच, तपासलेला नसतो इतकेच. ही माहिती सोयऱ्यांनी विचारण्याची नव्हे, तर भावंडांनी एकमेकांना सांगण्याची आहे.

वंशावळीच्या वहीत जन्म, विवाह व मृत्यू यांच्या नोंदी असतात. त्यांच्याजवळ एका ओळीची जागा सहज निघेल : कोणत्या वयात हात बिघडले, चाल केव्हा बदलली, गावचे पाणी कोणते, मानेची शस्त्रक्रिया झाली असल्यास कोठे व कोणत्या साली. आणि कपाटावर धूळ खात पडलेल्या वडिलांच्या एम.आर.आय. च्या काळ्या फिल्म रद्दीत देऊ नयेत. त्यांवर नळीची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजता येते. मुलाच्या चित्राशेजारी त्या धरून पाहणाऱ्या डॉक्टरांना त्यांतून बरेच काही वाचता येते.